सात वाट्या

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
चहाच्या टपरीमागचा तिसरा गाळा.
पत्र्याची चकती गरगरते,
मी दांडा रेटतो, वाटी होते.
एकतीस वर्षांत किती केल्या, विचारू नका.
मोजत बसलो असतो तर हात थांबले असते.

केणी मॅडम पहिल्यांदा आल्या
तेव्हा कंप्रेसर बंद करायला लावला.
"पाष्टे, आधी जरा शांतता द्या."
अशी ऑर्डर मी कधी ऐकली नव्हती.
पिशवीतून काढला मिसळणाचा डबा,
चमच्यानं एकेक वाटीला मारलं,
डॉक्टर गुडघ्यावर मारतात तसं.
लॅपटॉपवर हिरवी रेघ
उठली, थरथरली, आडवी झाली.
"या सगळ्या सारख्याच का बोलतात?"
एका साच्यातल्या आहेत, मॅडम.
सख्ख्या बहिणी.

त्यांच्या डोक्यात असं की
सात वाट्या, सात स्वर.
झाकण उघडलं की ओट्यावर सप्तक.
मला हसू आलं,
पण पैसे रोखीचे होते.

दोन महिने काठ जाड केले, पातळ केले,
केसभर फरकासाठी चकत्या फेकल्या.
भंगारवाला शकूर रोज चक्कर मारायला लागला.
मॅडम मोबाइलवर तंबोरा लावून बसायच्या
आणि मान हलवायच्या, उभी नाही, आडवी.
घरी किसननगरला जेवताना
मी ताटाला टिचकी मारली,
बायको म्हणाली, काय कमी पडलं?

एका शनिवारी लागल्या.
साती.
मॅडमनी डोळे मिटले,
मीही मिटले, का ते ठाऊक नाही.
मग त्यांच्याबरोबरच्या शिकाऊ पोरीनं
घरून आणलेल्या पुड्या सोडल्या,
हळद, मोहरी, जिरं, धणे, तिखट,
हिंग, मेथी,
शिगेला शीग. आणि वाजवलं.

टप्प.
टप्प.
हळदीनं गंधार गिळला.
मोहरीनं पंचमाच्या तोंडात बोळा कोंबला.
कोणी काही बोललं नाही.
कंप्रेसर मी आपला आपण चालू केला.

कंपनीवाले महाप्याचे.
म्हणाले, सोपं आहे, बुडाशी चिप टाकू,
हळद संपली की बाई बोलेल:
कृपया हळद भरा.

आठ दिवसांनी मॅडम एकट्याच आल्या.
हातात एकच वाटी, काठोकाठ हळद.
चमचाभर काढायच्या, वाजवायच्या.
चमचाभर काढायच्या, वाजवायच्या.
टप्प. टप. टण्.
पहाटेचा घसा साफ होत जावा तसा
आवाज पत्र्यातून वर येत गेला
आणि तळ दिसला तेव्हा
वाटी कितीतरी वेळ गप्प बसेना.
बोटं पिवळी झालेली. म्हणाल्या,
"ही गाणार नाही, पाष्टे.
रिकामी होत आले, एवढंच सांगेल."

मग मी बुडाला तीन टिंबं उठवली,
वाटी त्यांच्यावर उभी,
ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो उभे असतात तशी,
अंग चिखलाला न लावता.
पुढचं त्यांनी ऐकलं, मी घासलं.

महाप्यानं चिपवालाच घेतला.
त्यातली बाई फार गोड बोलते म्हणतात.
आमचे दोनशे डबे झाले,
मॅडम प्रदर्शनात मांडतात,
लोक हात लावतात, किंमत बघतात, ठेवतात.
काही घेतातही.
एक माझ्या घरी आहे.

काल सकाळी मी दाढी करत होतो,
आत फोडणीची घाई.
चमचा कुठेतरी लागला,
टण्ण्...
रिषभ.
मी आरशातूनच ओरडलो, जिरं संपलंय गं.
ती कालथा घेऊन दारात.
"तुम्हाला कसं कळलं?"
अर्ध्या गालावर फेस तसाच,
मी पिशवी शोधायला लागलो.